नदीची चाल आणि पाणवनस्पती

विश्वामित्रीला पूर येऊन गेला म्हणजे त्याचा दोष कोणाच्या तरी माथी मारण्याची घाई आपणां सर्वांनाच होते. २०२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस अतिवृष्टी झाली, तेव्हा काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी धोक्याच्या २६ फुटांच्या खुणेवरून चढत चढत ३५ फुटांच्याही वर गेली. बडोद्यातील हजारो घरांत पाणी शिरले. धान्य, अंथरुणे, वह्या-पुस्तके यांचा चिखल झाला, आणि पाणी ओसरल्यावर भिंतींवर जी मळकट रेघ उरली ती कित्येक घरांत पुढील रंगकामापर्यंत तशीच होती. त्यानंतर घरोघरी जी चर्चा झाली, तीत आरोपींच्या यादीत एक नाव वारंवार ऐकू येई. ते म्हणजे नदीतील झाडोरा. 'पात्रात रान माजले म्हणून पाणी तुंबले. ते सगळे रान काढून टाका, पात्र पाटासारखे गुळगुळीत करा, म्हणजे पूर येणार नाही,' असे मत चांगली समंजस माणसेही ठामपणे मांडताना आम्ही ऐकले आहे. हे मत अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच त्याचा सहज निकाल लावता येत नाही. त्यातील खरे किती आणि भ्रामक किती, याची फोड करण्यासाठी हा लेख आम्ही लिहीत आहोत.

प्रथम पाण्याची चाल कशी ठरते ते पाहू. नदीचे पाणी उतारामुळे पुढे ओढले जाते आणि तळाच्या व काठांच्या घर्षणामुळे मागे खेचले जाते. या दोहोंची जेथे बरोबरी होते तो त्या नदीचा वेग. आता तळाशी नुसती वाळू नसून पाणकणसाचे दाट बन उभे आहे, अशी कल्पना करावी. मग पाण्याला केवळ तळाशी घासून जाऊन भागत नाही. हजारो देठांना वळसा घालून जावे लागते. प्रत्येक देठाच्या मागे लहानसा भोवरा उठतो आणि त्या भोवऱ्यांत पाण्याची शक्ती खर्ची पडते. दिवाळीच्या आदल्या दिवशी मंगळबाजारातून वाट काढणारा मनुष्य मोकळ्या रस्त्यावरील मनुष्यापेक्षा सावकाश चालतो, त्यातलाच हा प्रकार आहे. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. पुढचे पाणी मंदावले म्हणून मागून येणारे पाणी काही थांबत नाही. ते येतच राहते, आणि मंद चालीने तेवढेच पाणी पुढे जावयाचे असेल तर त्याला अधिक जागा लागते. ती जागा ते वरच्या बाजूस शोधते. वनस्पतींनी पाणी अडविले असे आपण म्हणतो, तेव्हा खरोखर घडते ते एवढेच की वेग उतरतो आणि पातळी चढते.

या व्यवहाराचे गणित मांडण्याचे जे सूत्र आज जगभरचे इंजिनिअर वापरतात, ते रॉबर्ट मॅनिंग या आयरिश इंजिनिअरने १८८९ साली आपल्या देशातील इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडले होते. त्या सूत्रात उतार आणि खोली यांच्या जोडीला पात्राच्या खडबडीतपणाचा एक अंक असतो. पुढे व्हेन ते चाऊ यांनी १९५९ सालच्या आपल्या ग्रंथात निरनिराळ्या पात्रांसाठी हे अंक कोष्टकरूपाने दिले. स्वच्छ व सरळ नदीपात्राचा अंक सामान्यतः ०.०३० धरतात. तण आणि खोल डोह असलेल्या मंद पात्रासाठी तो ०.०७० होतो, आणि तण अतिशय दाट असेल तर ०.१०० पर्यंत जातो. खोली व उतार तेच असतील तर वेग या अंकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे स्वच्छ पात्रात मिनिटाला ६० मीटर जाणारे पाणी दाट तणातून अवघे १८ मीटर जाईल. आता वेगाऐवजी पाण्याचे परिमाण कायम धरू. तेवढेच पाणी तेवढ्याच रुंद पात्रातून न्यावयाचे झाल्यास खोली किती लागेल? गणिताची आवड असलेल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी हे करून पाहावे. रुंद पात्रात खोली या अंकाच्या तीन-पंचमांश घाताच्या प्रमाणात वाढते, आणि उत्तर दुपटीहून किंचित अधिक येते. जेथे एक मीटर पाणी वाहत होते तेथे दोन मीटर. 'रान माजले म्हणून पाणी चढले' या म्हणण्यातील खरा भाग तो हाच, आणि तो लहान नाही.

परंतु हा अंक काळ्या दगडावरची रेघ नव्हे. महापुरात मोठी झाडे उन्मळून जातात आणि लव्हाळे मात्र टिकून राहते, हा तुकोबांचा दाखला आपल्या घरोघरी ठाऊक आहे. तुकोबांनी त्यातून लहानपणाचा महिमा सांगितला. जलशास्त्राचा अभ्यासक त्याच दृश्याकडे पाण्याच्या बाजूने पाहतो, आणि त्याला आणखी एक गोष्ट दिसते. लव्हाळे वाकते तेव्हा ते स्वतः वाचते, त्याचबरोबर पाण्यालाही वाट देते. ताठ उभ्या खांबावर पडणारा पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. लवचिक वनस्पतीचे तसे नाही. वेग वाढू लागला की तिची पाने मिटतात, देठ आडवा होतो, सारा झुबका प्रवाहाच्या दिशेने निजतो, आणि जोर त्या मानाने फारच कमी वाढतो. पूर चढला म्हणजे अशा निजलेल्या गवतावरून दोन-दोन पुरुष पाणी निघून जाते. याचा अर्थ असा की मऊ पाणगवताचा अडथळा नदी लहान असते तेव्हा सर्वांत मोठा, आणि नदी मोठी होते तेव्हा त्या मानाने लहान असतो. ताठ देठांच्या पाणकणसाची किंवा काठावरच्या वेड्या बाभळीची गोष्ट निराळी. ती सहजासहजी वाकत नाहीत. बाभळीच्या काट्यांत तर वाहून आलेल्या चिंध्या आणि पिशव्या अडकून तिचे एक कुडच तयार होते. तेव्हा 'झाडोरा' या एका शब्दात सर्वांना कोंबणे म्हणजे साव आणि चोर यांना एकाच कोठडीत बसविण्यासारखे आहे.

ज्यांना हे केवळ वाचून पटत नसेल त्यांनी शाळेच्या अंगणात एक प्रयोग करावा. छपराच्या पन्हळीचा दीड-दोन मीटरांचा तुकडा घ्यावा, त्याला अगदी थोडा उतार द्यावा आणि नळाचे पाणी एकाच धारेने त्यात सोडावे. कागदाचा लहान कपटा टाकून तो एका टोकाहून दुसऱ्या टोकाला किती सेकंदांत पोहोचतो ते मोजावे, आणि वरच्या भागातील पाण्याची खोली पट्टीने पाहावी. मग पन्हळीच्या मध्यभागी ओल्या मातीत खराट्याच्या काड्या दाटीने उभ्या कराव्यात व तेच माप पुन्हा घ्यावे. त्यानंतर काड्या काढून सुतळीचे मऊ तुकडे एका टोकाने मातीत रोवावेत. काड्यांनी पाणी किती चढते आणि सुतळीने किती, हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे कोष्टकातील अंक निर्जीव वाटत नाहीत.

एवढे झाल्यावर साहजिकच कोणी म्हणेल: ठीक आहे, मऊ गवत पुरात कमी आडवे येते, पण थोडे का होईना येतेच ना? मग ते तरी कशाला ठेवावे? या प्रश्नाचे उत्तर जेथे शेकडो वर्षे नदीतील गवत कापण्याचीच वहिवाट आहे, अशा प्रदेशात शोधणे बरे. इंग्लंडच्या दक्षिण भागात खडूच्या दगडाच्या टेकड्यांतून झिरपलेल्या पाण्यावर वाहणाऱ्या टेस्ट, इचेन यांसारख्या नद्या आहेत. त्यांच्या नितळ पाण्याखाली रॅनन्क्युलस नावाची एक वनस्पती लांब केसांच्या बटांप्रमाणे लहरत असते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिची पांढरी फुले पृष्ठभागावर येतात. तेथील उन्हाळ्यात नदीचे पाणी घटत जाते, आणि नेमकी त्याच काळात ही वनस्पती वाढत जाते. परिणाम असा होतो की पाणी कमी होऊनही नदी उथळ पडत नाही. गवत चाल मंद करते, पातळी धरून ठेवते, आणि मासे व काठची कुरणे ओली राहतात. शिवाय गवताचे झुबके तळावर सरसकट नसतात, बेटाबेटांनी असतात. झुबक्याच्या आत पाणी मंदावते व गाळ खाली बसतो. दोन झुबक्यांच्या मधल्या गल्लीत मात्र ते उलट वेगाने धावते आणि तळाची खडी धुऊन स्वच्छ ठेवते. त्या स्वच्छ खडीत मासे अंडी घालतात. ज्या गवताला आपण सरसकट अडथळा म्हणतो, ते एके ठिकाणी पाणी थोपवून दुसऱ्या ठिकाणी त्याला गती देत असते, ही गोष्ट आम्हांला तरी फार मनोवेधक वाटली.

म्हणून तेथील माणसे गवत कापतात, पण भादरत नाहीत. कापण्याचे दिवस काठचे लोक आधी आपसांत ठरवितात, कारण वरच्याने कापलेले गवत वाहत जाऊन खालच्याच्या दारात अडकते. पात्रातील सर्व गवत न काढता आडवे पट्टे सोडून किंवा बुद्धिबळाच्या पटासारखे एक घर कापून एक घर राखून ते काम करतात. किती पाणी धरावयाचे आणि किती सोडावयाचे, हे त्या कापणीने ठरते. विळा हातात असूनही तो कोठे थांबवावयाचा हे ज्याला कळते, त्याला आम्ही नदीचा खरा जाणकार म्हणू.

आतापर्यंत तळाशी मूळ धरणाऱ्या वनस्पतींचे झाले. परंतु आपल्याकडे नदी आणि वनस्पती हे शब्द एकत्र आले की डोळ्यांपुढे उभी राहते ती जलपर्णी. गुजरातीत तिला जळकुंभी म्हणतात. कोल्हापूरकडे आप्तेष्ट असलेल्या वाचकांनी पंचगंगेवर पसरलेले 'केंदाळ' पाहिले असेल, तेही हेच. फुगीर देठांवर तरंगणारी आणि सुंदर जांभळी फुले देणारी ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. फुलांच्या मोहापायी माणसाने तिला देशोदेशी नेले. अनुकूल हवेत आणि खतावलेल्या पाण्यात ती पंधरवड्याच्या आत दुप्पट होते. पंधरवड्याचाच हिशेब धरला तरी सहा महिन्यांत बारा वेळा दुपटी होतात, आणि एका रोपाची ४,०९६ रोपे होतात. शिवाय तिचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते.

प्रवाहावर तिचा परिणाम काही निराळ्या रीतीने होतो. मोकळ्या नदीत घर्षण तळाशी आणि काठांशी असते. वरचा पृष्ठभाग हवेला लागून असल्याने तेथे पाण्याला जवळजवळ कोणी अडवीत नाही, आणि सर्वांत वेगवान पाणी पृष्ठभागाजवळच असते. जलपर्णीचा जाड गालिचा दोन्ही काठांना टेकून बसला म्हणजे नदीला जणू छत पडते. तिच्या लोंबत्या मुळ्यांची झालर पाण्याला वरूनही घासू लागते, आणि सर्वांत वेगवान पाणी दोहोंच्या मध्ये ढकलले जाते. रुंद पात्रावर असे स्थिर छत पडले आणि ते तळाइतकेच खडबडीत आहे असे मानले, तर त्याच खोलीत व त्याच उतारावर वेग शंभरावरून त्रेसष्टावर येतो, असे मॅनिंगचे सूत्र सांगते. पन्हळीच्या प्रयोगात कपट्याच्या जागी एक हलकी फळी पाण्यावर धरून ठेवली तर हा परिणामही पाहता येईल. मात्र जलपर्णीचा खरा उपद्रव याहून मोठा आहे. तिला मूळ जमिनीत नसल्याने पहिल्या लोंढ्याबरोबर हे सर्व गालिचे सुटतात, वाहत जाऊन पुलाच्या कमानींना येऊन थडकतात आणि तेथे एकावर एक चढून गठ्ठा होतो. मग पूल हा पूल न राहता बांध होतो, आणि त्याच्या वरच्या अंगाच्या वस्तीत पाणी चढते. लव्हाळे पुरात वाट देते. जलपर्णी नेमकी पुरातच वाट बंद करते.

या वनस्पतीशी माणसाने केलेल्या लढायांत बंगालची लढाई प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे आलेली ही कचुरीपाना काही दशकांत खाड्या, कालवे आणि भातशेते व्यापून बसली. ज्या प्रदेशात नाव हेच वाहन, तेथे नाव चालेना. १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी खास कायदा करावा लागला, आणि १९३७ च्या निवडणुकीत तिचा नायनाट करण्याचे आश्वासन हा प्रचाराचा विषय झाला. फजलुल हक यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात लोकांनी पाण्यात उतरून ती काढण्याच्या मोहिमाही झाल्या. आज ती वनस्पती बंगालच्या दोन्ही भागांत सुखाने नांदत आहे. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात तिचा फडशा पाडणारे भुंगे परदेशातून आणून सोडण्यात आले. काही तलावांत त्यांनी चांगले काम केले, पण जेथे सांडपाण्याचा खुराक अखंड चालू आहे तेथे रोपांची वाढ भुंग्यांच्या भुकेला पुरून उरते.

आणि कापण्यापेक्षा बगल देऊन जाण्याचा विचारही माणसाने करून पाहिला आहे. दक्षिण सुदानात श्वेत नाईल नदी एका अफाट दलदलीत शिरते. पपायरसची बने आणि तरंगत्या वनस्पतींचे थर यांनी भरलेल्या या प्रदेशाला 'सुद्द' म्हणतात; अरबी भाषेत त्याचा अर्थच अडसर असा आहे. सॅम्युएल बेकर यांच्या जहाजांना १८७० साली या अडसरापुढे माघार घेऊन पुढील हंगामाची वाट पाहावी लागली. या दलदलीत शिरणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास वाफ होऊन उडून जाते. हे 'वाया' जाणारे पाणी वाचविण्यासाठी १९७८ साली जोंगलेई येथे एक प्रचंड कालवा खोदावयास घेतला. १९८३ साली सुरू झालेल्या यादवी युद्धामुळे तो अपुरा राहिला. पण त्याच दलदलीचे दुसरे काम असे की ती पावसाळ्याचा लोंढा पोटात घेते आणि पुढे वर्षभर जवळजवळ सारख्याच प्रमाणात पाणी सोडते. तिच्या काठच्या डिंका आणि नुएर लोकांची गुरे पूर ओसरल्यावर उगवणाऱ्या कुरणांवरच जगतात. वाया गेलेले पाणी कोणाच्या हिशेबाने वाया, असा प्रश्न त्या गुराख्यांनी विचारला तर त्याचे उत्तर देणे कालव्याच्या पुरस्कर्त्यांना सोपे जाणार नाही.

आता आपल्या नदीकडे वळू. पावागडच्या डोंगरांतून निघालेली विश्वामित्री बडोद्यातून नागमोडी जाते आणि पुढे ढाढर नदीस मिळते. २०२५ च्या उन्हाळ्यात, पुराचा अनुभव ताजा असताना, तिच्या पात्रातील गाळ काढण्याचे व पात्र रुंद करण्याचे मोठे काम झाले. पुलांखालचा गाळ, कमानींत अडकलेला राडारोडा आणि पात्रात घुसलेली वेडी बाभूळ काढली पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. ज्याच्या घरात छातीभर पाणी शिरले त्याला निसर्गाच्या शोभेचे पाठ देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु जेथे जेथे काठ उघडा करून मातीचा सरळ उतार घातला जातो, तेथे पुढील पावसाळ्यात तीच माती नदीत येते आणि काढलेल्या गाळाची जागा भरून निघते. वाळा, लव्हाळे आणि काठचे दाट गवत यांची मुळे ती माती धरून ठेवीत असतात. पुरात ती वाकतात, हे आपण वर पाहिलेच. शिवाय शहरातून वाहणाऱ्या या नदीत चारशेहून अधिक मगरी आहेत. त्या काठच्या मातीत अंडी घालतात, आणि त्यांची पिले पावसाळ्याच्या तोंडाशी काठच्या गवतात दडून वाढतात. सर्व काठ भादरला तर त्या कोठे जातील, याचा विचार त्यांच्यावरील प्रेमापोटी नसला तरी आपल्या अंगणाच्या काळजीने तरी करावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुराच्या पाण्याने पूर्वी जेथे पसरावयाचे, त्या नदीलगतच्या घळींत, ज्यांस येथे 'कोतर' म्हणतात, ठिकठिकाणी भर घातली गेली आणि वर इमारती उभ्या राहिल्या. गवत दरवर्षी कापता येते. भर घातलेली कोतरे पुन्हा मोकळी करणे किती कठीण आहे ते सर्वांना दिसते. पुराच्या दिवशी पाणी चढण्यात ह्या हरवलेल्या जागेचा वाटा वाकलेल्या गवताच्या वाट्यापेक्षा पुष्कळच मोठा असला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गवताला बोलता येत नाही, इमारतींच्या मालकांना बोलता येते. दोष गवताकडे जाण्याचे हेही एक कारण असावे.

जलपर्णीच्या बाबतीत मात्र आम्ही कसलीही दयामाया दाखवू इच्छीत नाही. ती काढावी, आणि पहिल्या पावसाच्या पुष्कळ आधी काढावी. काढून काठावरच ढीग घालून ठेवण्याचा जो प्रघात अनेक गावी दिसतो तो हास्यास्पद आहे. एका मोठ्या सरीसरशी ढीग पुन्हा पाण्यात जातो. पण यंत्राने ती काढणे म्हणजे ताप उतरविण्याची गोळी. उन्हाळ्यात विश्वामित्रीत जे वाहते त्यात शहराच्या सांडपाण्याचा वाटा फार मोठा असतो, आणि त्या सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हेच जलपर्णीचे अन्न. ते नदीत येण्याआधी काढून घेतले नाही, तर दर वैशाखात तेच यंत्र, तोच खर्च आणि तीच छायाचित्रे. या संदर्भात दरवर्षी गणेशोत्सवानंतर निर्माल्याविषयी बरेच लिहिले-बोलले जाते. निर्माल्य नदीत टाकू नये हे योग्यच. परंतु लाखो घरांच्या मोऱ्या आणि संडास वर्षाचे ३६५ दिवस जे नदीत सोडतात, त्याच्या तुलनेत चार टोपल्या फुलांचे वजन किती, हे फुलांना नावे ठेवणाऱ्यांनी एकदा मोजून पाहावे.

येथे आपल्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे एक काम आम्हांला सुचते. जलपर्णी कोणत्या पुलापाशी कोणत्या महिन्यात दिसू लागते, किती कमानी झाकते, आणि पहिल्या लोंढ्याबरोबर ती सुटून कोठे अडकते, याची वर्षभराची नोंद हाती असेल तर कापणी कोठे व केव्हा करावी हे कोणासही सांगता येईल. ही नोंद ठेवण्यास यंत्र लागत नाही. विज्ञान मंडळाच्या चार-पाच विद्यार्थ्यांनी शिक्षकांसमवेत पंधरवड्यातून एकदा सयाजीबागेजवळच्या पुलावर उभे राहावे, कठड्याच्या आतूनच पाहावे आणि लिहावे. काठावर उतरण्याचा मोह कोणीही करू नये. तेथील रहिवासी पाहुण्यांचे स्वागत आपल्या पद्धतीने करतात. वहीत तारीख, पाण्याचा रंग, उघड्या कमानींची संख्या, आणि एखादे वाहते पान पुलाखालून जाताना लागलेले सेकंद, एवढे चार रकाने पुरेत. वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी, आणि पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी तीच पुढे चालवावी.